गोदीवर दाखवायचा कागद

१

ट्रंकेत पासपोर्ट होता, बोटीचं तिकीट होतं, मँचेस्टरच्या कॉलेजचं पत्र होतं. बँकेचा दाखला तेवढा नव्हता.

हे सांगायला वसंत गुरुजी हेर्लेकर माझ्या दारात आले तेव्हा शनिवारचे साडेचार वाजले होते आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. पस्तीस वर्षं पोरांना ‘नीटनेटके या’ म्हणून छड्या मारलेला हा माणूस. बटणं बघूनच मी पायात वहाणा घातल्या.

मी हंबीरराव. करवीर संस्थानात फौजदार होतो. एकोणपन्नास साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं, त्यात माझी फौजदारीही विलीन झाली. नव्या सरकारला माझं वय जास्त वाटलं. तेव्हापासून चार वर्षं मी मंगळवार पेठेत बसून आमच्या मंडळींच्या, म्हणजे धोंडुबाईंच्या स्वयंपाकात चुका काढतोय. त्यामुळं कुणाचं काही हरवलं की मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण ह्या खेपेला बरं वाटलं नाही. गुरुजींची कालिंदी माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर. बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवण्याची विद्या असते, ती शिकायला ती वर्षभरासाठी विलायतेला निघाली होती. उद्या रविवारी संध्याकाळची गाडी, मंगळवारी सकाळीच मुंबईहून बोट. कॉलेजात जागा एकच होती. ही बोट चुकली तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि बोटीवर चढायचं तर गोदीवरचा साहेब आडवा. परमुलखात गेलेला माणूस तिथं पैशावाचून उघडा पडणार नाही, ह्याचा पुरावा लागतो. जाणाऱ्याच्या नावावर चार हजार रुपये आहेत असा बँकेचा दाखला, आणि वर कुणी ऐपतदार माणूस जामीन. साहेब हे कागद कुणाला मागतो, कुणाला मागत नाही. त्याला काही नेम नाही.

“बँकेकडनं दुसरा दाखला घ्या की,” मी म्हणालो.

“बारा वाजता बँक बंद झाली. उघडणार सोमवारी अकराला. मॅनेजर पन्हाळ्याला गेलाय.” गुरुजी खाली बघत म्हणाले. “आणि हंबीरराव, कुलूप फोडलेलं न्हाई. किल्लीनं उघडून घेतलंय.”

२

गुरुजींचं घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं धुण्याचा दगड एवढंच. घरात माणसं तीन. गुरुजी, कालिंदी आणि गुरुजींची थोरली बहीण, जिला सगळी पेठ आक्का म्हणते. नवरा गेल्यावर आक्का अठरा वर्षांपूर्वी माहेरी आल्या. दोन वर्षांत कालिंदीची आई गेली, आणि मग पोरीला त्यांनीच वाढवलं.

मी गेलो तेव्हा आक्का स्वयंपाकघरात कालिंदीच्या वाटेसाठी लिंबाचं लोणचं कालवत होत्या. हात मनगटापर्यंत पिवळे.

“या फौजदार. चाखून बघा, मीठ कमी झालंय का,” त्या म्हणाल्या. पण नजर वर केली नाही. पोर चाललीय, कागद हरवलाय, बाई कशी बघेल, असं मी मनात म्हणालो आणि फोड तोंडात टाकली. मीठ कमी होतं. आक्कांच्या हातून ते कधी होत नाही.

ट्रंकेची किल्ली देवांच्या फळीमागं खिळ्याला असायची. घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. गुप्त जागा म्हणून ती गुरुजींनीच सगळ्यांना सांगितली होती.

सगळे कागद एका मोठ्या पाकिटात होते. मी ते उजेडात धरलं. पाकिटाच्या झापेवर एक लाल बोट उमटलं होतं. ओलं असताना लागलेलं आणि वाळलेलं. लालाच्या कडेला किंचित पिवळट रेघ होती. कॉलेजचं पत्र पाकिटात डोकं खाली, पाय वर असं घातलेलं होतं. जामीनकीचा मराठी कागदही तसाच उलटा.

“हे असं तू ठेवलंस?” मी कालिंदीला विचारलं.

“न्हाई काका. मी सगळे सुलटे लावलेले.” तिच्या कपाळावर कुंकवाची टिकली होती. तिनं स्वतःच बोट कपाळाला लावून बघितलं, मग पाकिटाकडं बघितलं. “आणि मी आज पाकिटाला हातच लावला न्हाई.”

“मग कुणी लावला?”

“सकाळी आठला नृसिंहदादा आलते. ते रोजच येत्यात, कागद तपासायला. त्यांनी बघितले तेव्हा दाखला होता, मी समोर होते. दुपारी मी मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेले. तेव्हा तवनाप्पाकाका येऊन बसलते म्हणं. बाबा शाळेत. घरात आक्का.”

नृसिंह आमच्या पेठेतलाच, कोर्टात कारकून. तवनाप्पा गुळाचे व्यापारी, कालिंदीला जामीन राहिलेले तेच.

पोरीचं धैर्य सुटत चाललं होतं. मी विषय बदलला, तयारी झाली का विचारलं. ती म्हणाली, “झाली की. एकच राहिलं. आक्कानं पाटल्या गुजरीत उजळायला दिल्यात, दोन महिने झाले सोनार नुसता खेपा घालायला लावतोय. निघताना तिच्या हातात बघितल्या असत्या म्हणजे बरं वाटलं असतं.”

स्वयंपाकघरात वाटी पडल्याचा आवाज झाला.

गुरुजी मला दारापर्यंत पोचवायला आले आणि कानाशी लागून म्हणाले, “मला बोलू वाटत न्हाई. पण सकाळी नृसिंहाची बोटं लाल होती.”

३

नृसिंहाची बोटं संध्याकाळीही लालच होती. कोर्टातल्या लाल शाईची. तो खोलीवर एकटा राहायचा. तीस-बत्तीसचा, हडकुळा, केस आत्ताच पिकायला लागलेले.

“तुम्ही याल हे मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “ज्याला गोदीवरनं परत पाठवला तोच दुसऱ्याला अडवणार. गावाला असंच वाटणार.”

तीन वर्षांपूर्वी नृसिंह इंजिनांचं काम शिकायला विलायतेला निघाला होता. पेठेनं हार घातले होते. आठव्या दिवशी ट्रंकेसकट परत आला. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही लोकांनी आपापल्या मनानं ठरवून टाकलं होतं.

“माझ्या पुढं बिद्रीचा एक जण होता,” तो सांगायला लागला. “त्याच्याकडं मामाची चिठ्ठी होती नुसती. साहेबानं चिठ्ठी सुद्धा उघडली न्हाई, सोडला. मला म्हणाला, दाखला काढ. काढला. रक्कम काकांच्या नावावर होती. साहेब म्हणाला, हे पैसे तुझे न्हाईत. मी म्हटलं, काकांनी माझ्यासाठीच ठेवल्यात. तो म्हणाला, बाजूला व्हा. झालं. बोट माझ्यासमोर सुटली.” त्यानं बोटं धोतराला पुसली, रंग काही गेला नाही. “म्हणून मी रोज जातो. कालिंदीचा कागद तिच्याच नावावर पायजे, तारीख ताजी पायजे, सही पुरी पायजे. माझं जे झालं ते तिचं होऊ नये म्हणून.”

मी त्याची लाल शाई मागून घेतली. एका कागदावर ठिपका टाकला, ओल्या बोटानं पसरवला. गुलाबी झाला. कडेला पिवळं काही दिसलं नाही.

“हंबीरराव, एक सांगू?” तो म्हणाला. “मला तिला अडवायचं असतं तर मी पासपोर्ट घेतला असता. पासपोर्ट परत मिळायला चार-सहा महिने जात्यात. दाखला काय, सोमवारी अकरा वाजता मिळतोय. ज्यानं नेला त्याला कागदांतलं काही कळत न्हाई.”

मी उठलो. दारात त्यानं मला थांबवलं.

“न्हाईतर मग,” तो सावकाश म्हणाला, “त्याला तिला अडवायचंच नव्हतं.”

४

तवनाप्पा शाहूपुरीत आपल्या गुळाच्या वखारीत बसले होते. दक्षिणेकडचा जैन माणूस, आवाज असा की रस्त्यापलीकडच्याला वाटावं आपल्यालाच बोलवलं.

“बसा की फौजदार. मला ठाऊक हाय तुम्ही का आलाय. तवनाप्पाला जामीनकीची भीती वाटली, त्यानं कागद उचलला. असंच न्हवं?”

“असंच,” मी म्हणालो.

“मग माझा कागद कुठं हाय?”

“पाकिटात.”

“बघा की. मला सुटायचं असतं तर मी माझा कागद फाडला असता. बँकेचा कशाला घेऊ? त्यो घेऊन मी काय करू, भजी बांधू?” ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “आमच्या लेकीचा, पद्मावतीचा ल्योक बहिरा हाय, ठाऊक हाय न्हवं तुम्हाला? सात वर्साचा. कालिंदीनं त्याला ‘अव्वा’ म्हणायला शिकवलं. आईला हाक मारतोय आता त्यो. त्या पोरीला मी अडवीन व्हय?”

मी विचारलं, दुपारी गेलात तेव्हा काय बघितलंत?

“काय बघणार? पोरीला प्रवासाला म्हणून काजू घेऊन गेलतो. आक्का धुण्याच्या दगडापाशी होत्या. हाक मारली तर दचकल्या, पदराखाली काहीतरी घेतलं आणि म्हणाल्या, बसा, आले. बराच वेळ आल्या न्हाईत. मी काजू ठेवून आलो.”

बाई दुपारी धुणं करत असतील, त्यात काय, असं मला वाटलं. मी निघणार तोच तवनाप्पा म्हणाले, “एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात हाय. दाखल्याला चार हजार पायजे होते. गुरुजींकडं तेहतीसशे होते, मला म्हणालते. मग सातशे कुठनं आले?”

“शाळेच्या फंडातनं कर्ज काढलं म्हणाले. कालिंदीनंच सांगितलं मला.”

तवनाप्पांनी मान हलवली. “मी त्या शाळेच्या कमिटीवर हाय, फौजदार. औंदा फंडातनं एका बी मास्तराला कर्ज दिलेलं न्हाई.”

५

घरी जाऊन मी आमटी वाढून घेतली आणि विचारात अर्धी धोतरावर सांडली. धोंडुबाई म्हणाल्या, “चोर सापडू दे न सापडू दे, धोतर मात्र गेलं.” गुरुजी खोटं बोललेत आणि ते मला त्यांना विचारायचं जिवावर आलं होतं, म्हणून मी लवकर झोपलो.

रविवारी सकाळी मागच्या दारी तोंड धूत होतो. धोंडुबाईंनी धोतराच्या पिवळ्या डागावर साबणाचा बार घासला, आणि बघता बघता डाग लाल झाला. अगदी रक्तासारखा.

“हे काय केलंस?”

“काय केलं म्हंजे? हळदीला साबण लागला की लालच होतंय. कुंकू कशाचं करत्यात? हळदीचंच न्हवं?”

तीस वर्षं मी फौजदारी केली आणि हे मला ठाऊक नव्हतं, कारण तीस वर्षांत मी एक धोतर धुतलं नव्हतं. धोंडुबाईंनी हे बोलून दाखवलं नाही, एवढी त्यांची मेहेरबानी.

मग तिथंच दगडावर बसून सगळं माझ्या मनात ओळीला लागलं. पाकिटावरचं बोट शाईचं नव्हतं, कुंकवाचंही नव्हतं. ते हळदीचं होतं, आणि त्यावर साबणाचा हात पडला होता. शनिवारी हळदीचे हात त्या घरात एकाच माणसाचे होते. त्याच माणसाला तवनाप्पांनी भरदुपारी धुण्याच्या दगडापाशी दचकताना बघितलं. कागद उलटे घातले गेले ते का? नृसिंह कारकून, गुरुजी मास्तर, तवनाप्पा मराठी कागद सुलटा ठेवणारच. ज्याला अक्षर ओळखत नाही त्यालाच कागदाचं डोकं कुठलं न् पाय कुठले हे कळत नाही.

सातशे रुपये. गुजरीतला सोनार पाटल्या उजळायला दोन दिवस घेतो, दोन महिने घेत नाही.

एकच गोष्ट अडत होती. ज्या बाईनं पोरीला जायला मिळावं म्हणून हातातलं सोनं मोडलं, तिनं तोच कागद नाहीसा का करावा?

आणि गाडीला दहा तास राहिले होते.

६

मी गेलो तेव्हा कालिंदी देवाला गेली होती, गुरुजी तिच्याबरोबर. मला तेच हवं होतं. आक्का चुलीपाशी बसल्या होत्या. मी पाटावर बसलो.

“आक्का, पाटल्यांची डबी दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठल्या, फडताळातून लाकडी डबी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. जागा बदलायचं त्यांना सुचलंच नव्हतं. पाटल्या जिथं असायच्या तिथंच त्यांनी कागद ठेवला होता.

मी घडी उलगडली. बँकेचा दाखला. आकड्यावर आणि गोल शिक्क्यावर मोठा लाल डाग पसरलेला.

“मी वाईट बुद्धीनं न्हाई केलं,” आक्का म्हणाल्या.

“ठाऊक हाय मला. काय झालं ते सांगा.”

“वसंता मला म्हणालता, गोल शिक्क्याचा कागद हाय न्हवं, त्यात तुझ्या पाटल्या हायत. काल घरात कुणी नव्हतं. लोणचं कालवता कालवता मनात आलं, पोरगी उद्या हे घेऊन जाईल, मग आपल्याला कोण दाखवतंय? माझ्या पाटल्यांचा कागद झाला तो दिसतोय कसा ते बघावं. लिहिलेलं कळत न्हाई, पर बघायला काय हरकत हाय?” त्यांनी तळहात उलटा करून बघितला. “हात पुसलेले. तरी बोट उमटलं पिवळं. म्हटलं साबण लावला की जाईल. लावला तर लाल झालं. जेवढं घासावं तेवढं पसरायला लागलं. तेवढ्यात तवनाप्पा आले.”

“मग सांगायचं की घरात.”

“काय सांगू? कागद काढलाच कशाला म्हणून कालिंदी विचारणार. मग पाटल्यांचं निघणार. वसंताकडनं मी शपथ घेतलीय तिला सांगणार न्हाई म्हणून. ती कशी हाय तुम्हाला ठाऊक हाय. तिला कळलं तर ती पाऊल उचलायची न्हाई.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “म्हटलं सोमवारी बँकेतनं दुसरा मिळंल. बोट मंगळवारी हाय न्हवं? आज गाडी पकडाय लागती हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई, फौजदार. मुंबई मी बघितलीय कुठं?”

मला त्या बाईचा इतका कळवळा आला की फौजदारासारखं बसणं मला जमेना. मी म्हणालो, आक्का, पाटल्यांचं मी कुणाला सांगणार नाही.

“सांगायची गरज न्हाई, काका.”

कालिंदी दारात उभी होती. हातातला प्रसाद खाली ठेवून ती आली, आक्कांचं मनगट हातात घेतलं आणि त्यावरचा फिकट पट्टा बघत राहिली.

“मी जाणार न्हाई,” ती म्हणाली.

७

गुरुजींनी समजावलं. मी समजावलं. पोर एकच म्हणत होती, सोमवारी बँकेतून सातशे काढायचे आणि आक्काच्या पाटल्या आणायच्या. लोकांच्या मुलांना बोलतं करण्यासाठी घरच्या माणसाचे हात उघडे करायचे नाहीत.

आक्का सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि वळल्या.

“झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. त्या पाटल्या अठरा वर्सं माझ्या हातात या घरात होत्या. काय केलं त्यांनी? भांडी घासताना आड आल्या, दुसरं काय न्हाई. मी कुठं गेले न्हाई, त्या बी कुठं गेल्या न्हाईत. पयल्यांदा घरातनं भाईर पडायला निघाल्यात, तर तू त्यांना परत आणून बसवतीस व्हय?”

कालिंदी चुलीपाशी खाली बसली.

“माझ्यासाठी ऱ्हाऊ नको,” आक्का म्हणाल्या. “माझ्यासाठी जा.”

मग पोर रडली. आक्काही रडल्या. गुरुजी खिडकीबाहेर काही विशेष असल्यासारखं बघायला लागले. मी मात्र कागद खिशात घालून शाहूपुरी गाठली, कारण घड्याळ कुणासाठी थांबलं नव्हतं.

तवनाप्पांनी गुळाचा ट्रक काढला. पन्हाळ्याला मॅनेजर जेवायला बसत होता. तो भला माणूस, त्यानं कागद बघितला, झालं ते ऐकलं आणि हात धुऊन आला. पण बँकेची दुसरी किल्ली कॅशिअरकडं, आणि कॅशिअर बिद्रीला. शिक्का बँकेत, कोरे कागद बँकेत. शेवटी त्यानं समासात लिहिलं की डाग पडला असला तरी चार हजार ही रक्कम बरोबर आहे, आणि खाली सही केली.

“गोदीवरचा साहेब हे मानेल?” मी विचारलं.

“मानलं तर मानलं,” मॅनेजर म्हणाला. “न्हाई मानलं तर मी काय करणार? तो माझा नोकर न्हाई.”

ट्रक परत आला तेव्हा स्टेशनावर गाडी लागली होती. नृसिंहही आला होता. त्यानं खिडकीच्या गजाला धरून कालिंदीला तीनतीनदा बजावलं, “विचारल्याशिवाय हा कागद काढायचा न्हाई. विचारलं न्हाई तर देवाचे उपकार मानायचे आणि सरळ चालायला लागायचं. आणि पैसे कुणाचे म्हणून विचारलं तर माझे म्हणायचं. दुसऱ्याचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई.”

तिनं मान डोलावली. गाडी सुटली. ती बोटीवर चढणार की आठव्या दिवशी ट्रंकेसकट परत येणार, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

आठ दिवस आम्ही सगळे येणाऱ्या गाडीच्या वेळेला काही ना काही निमित्तानं स्टेशनाकडं फिरकत होतो. कुणी कुणाला तसं कबूल केलं नाही.

८

पत्र आलं ते एडनच्या शिक्क्याचं. म्हणजे बोटीवर चढली. गुरुजींनी पाकिटावरचा शिक्का बघूनच देवापुढं साखर ठेवली.

पाकिटावर माझं नाव होतं. आत पहिलीच ओळ: “काका, हे तुम्ही आक्काला वाचून दाखवा. बाबा मधलं गाळतील.” नृसिंहाला बोलावून घेतलं, तवनाप्पा आपले आपणच आले. आक्का उंबऱ्यात बसल्या. मी चष्मा लावला.

“गोदीवर मोठी रांग होती. माझ्या पुढच्या गृहस्थांना साहेबांनी सगळे कागद काढायला लावले, खिशातले पैसेसुद्धा मोजायला लावले आणि शेवटी बाजूला बसवलं. माझी पाळी आली. साहेबांनी पासपोर्ट उघडला, शिक्का मारला आणि म्हणाले, जा. काहीसुद्धा विचारलं नाही.”

“सुटली,” नृसिंह म्हणाला, आणि त्यानं भिंतीला डोकं टेकलं.

“पण माझा पाय निघेना,” मी पुढं वाचलं. “मी दाखला काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, हा वाचा. ते म्हणाले, मी मागितला नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, तरी वाचा. मागचे लोक कुरकुरायला लागले.”

“अगं ए,” नृसिंह कागदाशीच बोलायला लागला. “काय करायलीस?”

“साहेबांनी चष्मा लावला आणि वाचला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग लाल डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, माझ्या आत्याचं बोट आहे. ह्यातले सातशे रुपये तिच्या पाटल्यांचे आहेत. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं हात लावून बघितलं.”

नृसिंह उभा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी ह्याच उत्तरानं त्याची बोट गेली होती. तवनाप्पांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

मला पुढची ओळ नीट दिसेना. मी चष्मा पुसला आणि वाचलं. “मग त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आत्याला कळवा, मी वाचला.”

आक्का दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“परत वाचा,” त्या म्हणाल्या.

“कुठनं?”

“त्यो सायब वाचतोय तिथनं.”